शून्यासाठी एक घर

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या डाव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, दवाखान्यात रुग्णांना बांधतात तसल्या नावाच्या अकरा पट्ट्या होत्या. नोकरीचा माझा पहिलाच दिवस. जिन्यात असा माणूस दिसल्यावर मी दुसरं काय विचारणार?

"बरं वाटत नाहीये का तुम्हाला? कुणाला बोलावू?"

"मी ठणठणीत आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "पट्ट्या आपल्याच यंत्रावर छापल्यात. पाण्यात शाई टिकते का ते बघतोय. सकाळपासून तीनदा अंघोळ झाली."

तो तपासनीस. ऑफिसात सगळे त्याला शंकासुर म्हणत. त्या यंत्राचा प्रोग्राम मी लिहायचे आणि तो त्यातल्या चुका काढायचा. खरं सांगते, महिन्याभरात आमचं अहो-जाहो गळून पडलं, आणि तो टेबलाशी यावा म्हणून मी मुद्दाम एखादी बारीकशी चूक ठेवू लागले.

सी या संगणकभाषेतल्या स्ट्रिंगा, म्हणजे अक्षरांच्या माळा, मी कॉलेजात नुसत्या घोकल्या होत्या. समजावल्या त्यानेच.

"इथे शब्दाला आपली लांबी ठाऊक नसते," कागदावर चौकोन आखत तो म्हणाला. "एकामागून एक अक्षर वाचत जायचं, शून्य दिसलं की थांबायचं. म्हणून पाच अक्षरांना सहा घरं. शेवटचं शून्याचं."

"आणि शून्य नसलंच तर?"

"तर ते थांबतच नाही. तुझ्या बोलण्यासारखं."

"मग ऐकतोस कशाला?"

"मी... मी कुठे म्हटलं थांब म्हणून?"

त्याचे कान लाल झाले. माझेही झाले असावेत.

मग तो शनिवार आला. प्रोग्रामची नवी आवृत्ती दुपारी एका रुग्णालयात जायची होती. रुग्णाच्या नावाला मी चोवीस घरं दिली होती. 'पंचवीस कर, शून्य कुठे बसेल?' असं त्याने सोमवारीच लिहून दिलं होतं. पाच मिनिटांचं काम, म्हणून मी आज-उद्या करत राहिले.

"आज पुलापर्यंत चालत जायचं?" त्याने विचारलं. "मला काहीतरी विचारायचंय तुला... बरं, ते एक घर वाढवलंस ना?"

"हो रे, केव्हाच."

परत आल्यावर, आवृत्ती जायच्या आत करून टाकू, असा माझा हिशोब. एरवी तो घरं काठोकाठ भरतील असं नाव घालून बघितल्याशिवाय कुणालाच सोडत नसे. त्या दिवशी त्याने माझ्याकडे पाहिलं, हसला, आणि तशीच सही केली.

पुलावर वारा होता. त्याने माझा हात हातात घेतला, पण विचारायचं ते राहूनच गेलं. "पुढच्या शनिवारी," म्हणाला. मी हवेत होते. घर वाढवायचं साफ विसरले.

गुरुवारी त्या रुग्णालयात एक बाई दाखल झाल्या. त्यांचं नाव बरोबर चोवीस अक्षरांचं. जागा नव्हती म्हणून शून्य शेजारच्या खणात जाऊन बसलं, अगदी पहिल्याच घरात. त्या खणात, त्यांना कुठलं औषध चालत नाही ते आधीच भरलेलं होतं. पण सुरुवातीलाच शून्य, म्हणजे यंत्राच्या लेखी खण रिकामा. पट्टीवर ती ओळ कोरी छापली गेली आणि नर्सने नेमकं तेच औषध दिलं. तीन दिवस त्या श्वासासाठी झगडल्या. वाचल्या. त्यांच्या मुलीने ती पट्टी आमच्या ऑफिसात आणून टेबलावर ठेवली.

मी साहेबांकडे गेले, रडत सगळं सांगितलं. ते म्हणाले, "लिहिणाऱ्याच्या चुका होणारच. म्हणून तर तपासनीस ठेवतो आपण. सही कुणाची आहे?"

त्याला काढलं. मला ठेवलं.

मी फाटकापाशी त्याला गाठलं. त्याच्या हातात टेबलावरच्या सामानाची पिशवी होती.

"खोटं मी बोलले. साहेबांना सांगितलंय मी."

"कळलं. पण बघायचं काम माझं होतं."

"तू पुलावर जे विचारणार होतास ना... त्याला माझं हो आहे. प्रेम आहे माझं तुझ्यावर."

त्याने पिशवी खाली ठेवली. डोळे भरून आले होते. "माझंही आहे गं. पण आत्ता तू हो म्हणालीस, आणि माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? हे खरं कशावरून?"

"मग तपास ना. जन्मभर तपास. मी काही म्हणणार नाही."

"अशानं संसार होतो का?" तो हळूच म्हणाला. पिशवी उचलली आणि चालू लागला.

मी त्याला हाक मारायला तोंड उघडलं. पण काय सांगितलं तर त्याला खरं वाटेल, ते मला सुचेना.