पाटावरचा खांडा

काळकड्यावर उजाडलं, की आधी दिसायचा उत्तर बुरूज आणि मग धुक्यातून वर येणारे गनिमाचे तंबू; चार महिने हेच पाहून किल्लेदार हैबतराव सुर्व्यांचे डोळे इतके शिणले होते, की त्या पहाटे एक घायाळ जासूद शेल्यात गुंडाळलेला खांडा घेऊन दिंडी दरवाजात कोसळला, तेव्हा हा निरोप सुखाचा की दुःखाचा, हेच त्यांना उमजेना.

खांडा सरदार जगदेवरावांचा होता. मरता मरता जासुदानं निरोप सांगितला: किल्लेदारांनी आपल्या कन्येचं लग्न आजच या खांड्याशी लावावं, हळद लागलेलं पातं परत पोचलं, की सोयऱ्यासाठी तीन हजार स्वार निघतील. किल्ल्यात सहाशे माणूस अन् आठ दिवसांची नाचणी उरली होती.

त्यांच्या लेकीनं, राहीनं, सगळं ऐकून घेतलं. "आबासाहेब, बिलालचं आपल्याला ठाऊक आहे."

ठाऊक होतं! उत्तर बुरुजावरचा हबशी गोलंदाज. शूर, निमकहलाल, सगळं खरं. पण सुर्व्यांची लेक त्याला द्यायची? छे! "पोरी, सहाशे जीव तुझ्या हाती आहेत," एवढंच ते म्हणाले.

खांडा पोचवायला त्यांनी बिलाललाच नेमलं. गनिमाच्या फौजेत हबशी पुष्कळ, त्यांच्यात हा सहज खपून जाईल, असं सदरेवर सांगितलं. नाही खपला तरी बरंच, हे मात्र मनातच ठेवलं. बिलालनं मुजरा केला. कमरेला एकच हत्यार नेता येणार, म्हणून आपली तलवार त्यानं देवडीवर ठेवली.

दुपारी अंतरपाट धरला. पाटावर शेला पांघरलेला, मुंडावळ्या बांधलेला खांडा. राहीनं माळ घातली, शेला किंचित सरकला, आणि हैबतरावांना मूठ दिसली. जगदेवरावांच्या खांड्याची सोन्याची मूठ नव्हती ती. दारूच्या धुरानं काळवंडलेली, चामड्यानं आवळलेली साधी मूठ होती. लेकीनं बापाकडे सरळ पाहिलं. अहो, एक शब्द उच्चारला असता तर लग्न तिथंच मोडलं असतं! हैबतरावांनी हात उचलला आणि अक्षता टाकल्या.

जगदेवरावांच्या पात्याला राहीनं नुसती हळद फासली, ते म्यान केलं आणि कातरवेळी बिलालच्या हाती दिलं.

तिसऱ्या दिवशी वेढा उठला. जगदेवराव सदरेवर आले आणि त्यांनी वधू मागितली. हैबतरावांनी पागोटं उतरवून त्यांच्या पायांशी ठेवलं.

"सरकार, लग्न आपल्या खांड्याशी लागलंच नाही. बिलालच्या तलवारीशी लागलं. अक्षता मी डोळ्यांनी पाहून टाकल्या. शीर हजर आहे."

 

"तो हबशी पोटात गोळी घेऊन आमच्या गोटात आला," जगदेवराव म्हणाले. "पाणी देऊ केलं तर म्हणाला, 'आधी घोडी काढा.' आम्ही रिकिबीत पाय ठेवला, तेव्हा त्यानं डोळे मिटले. अशा मर्दाच्या बायकोवर आम्ही हक्क सांगावा?" पागोटं उचलून त्यांनी हैबतरावांच्या हाती दिलं आणि ते आल्या पावली गड उतरले.

राहीनं तिथंच कुंकू पुसलं.

पुढं कित्येक वर्षं पहाटे हैबतरावांना उत्तर बुरुजावर पावलं वाजलेली ऐकू यायची, तोफेत कुणी गज घालतंय असा आवाज यायचा. जाऊन पाहावं, तर एकटी राही बिलालची तलवार पुसत बसलेली. एकदा त्यांना राहवेना.

"पोरी, तो परत येऊ नये, म्हणूनच मी त्याला धाडला होता."

राहीचा हात थांबला नाही. "ठाऊक आहे, आबासाहेब. त्यांनाही ठाऊक होतं. जाताना म्हणाले, 'आबासाहेबांना हे कळू देऊ नकोस, त्यांना झोप लागायची नाही.'"