धार मोठी झाली तेव्हा

"पाटीलबाई, चला लवकर. तपासलो तं पाणी खराब निघालं," गावचा पाण्याचा फिल्टर चालवणारा सुकराम दारातूनच म्हणाला.

दुर्गेश्वरी हातातलं काम टाकून उठली. सौंदडजवळच्या या गावची ती पोलीस पाटील. पण आत्ता ती फक्त रुचीची आई होती. रुची गोंदियाच्या दवाखान्यात, किडन्या कमजोर. बोअरच्या फ्लोराइडवाल्या पाण्याचा घोटही नको, असं डॉक्टरांनी बजावलेलं. फिल्टरचं पाणी घरून डब्यानं जायचं, तरी पोरगी खालावतच होती. दुर्गेश्वरीनं दवाखान्यात बसलेल्या नवऱ्याला फोन केला, "डब्यातलं पाणी ओतून द्या."

फिल्टरच्या खोलीचं कुलूप शाबूत होतं. आतला पाणी गाळणारा नॅनो पदार्थाचा पडदा वर्षानुवर्षं टिकणारा म्हणे. त्यावर गोल गोल ओरखडे. खाली करडी, खरखरीत भुकटी.

"कधीपासून?"

"महाशिवरात्रीले प्रतापगडच्या जत्रेतून आलो, तवापासून. पाणी भदाभदा येऊन राह्यलं होतं. मले वाटलं, बरं झालं."

"चावी?"

"माह्या खिशात होती. दुसरी तुमच्या घरी."

बाहेर लोकांनी जागेश्वरची गचांडी धरली होती. तो पाण्याच्या कॅना विकायचा. फिल्टर आला आणि त्याचा धंदा बसला.

"तूच केला ना?"

"बाई, खराबच कराचं असतं तं चाकू मारलो असतो. घासत कायले बसलो असतो?"

खरंच की, वैरी कशाला घासत बसेल? दुर्गेश्वरीनं आत जाऊन भुकटी बोटांत चोळली. धानाच्या कोंड्याची राख. गावात आता भांडी घासायला सगळीकडे साबण आला होता, एक घर सोडून. ते तिचंच.

ती घरी आली, मागोमाग सगळा घोळका. अंगणात सासू सुभद्राबाई पितळी घागर राखेनं घासत होती.

"आई, फिल्टरची चावी तुम्ही नेली होती?"

"हो. धार बारीक झाली होती, पोरीचा डबाच भरे ना. पडदा मळला होता, घासून देली. मंग कसं जोरात आलं पाणी."

"जागेश्वरले सोडा," दुर्गेश्वरी लोकांना म्हणाली. मग सासूजवळ बसली. "आई, त्या पडद्याले डोळ्याले न दिसणारी भोकं असतात. मळ बसला का औषधाच्या पाण्यानं धुवा लागते. राखेनं तो सोलून निघाला. बोअरचं पाणी तसंच आरपार गेलं, म्हणून जोरात आलं."

म्हातारीचा हात थांबला.

"म्हणजे माह्या रुचीले ते पाणी मीच पाजली का वो?"

दुर्गेश्वरीनं तिच्या बोटांची राख पदरानं पुसली आणि घागर आपल्याकडे ओढून घेतली.