बहिरगडाचा धूर

पूर्वेच्या डोंगररांगेमागून उजेड फुटला, दरीतले धुके बुरुजांच्या पायथ्याशी उतरले, आणि लांबलेल्या वेढ्याने अर्ध्या शिध्यावर आलेली खडकदुर्गाची शिबंदी नेहमीप्रमाणे उत्तरेच्या तटावर गोळा झाली. समोरच्या बहिरगडावरून धुराची रेघ चढली. गड आपला आहे, कुमक वाटेवर आहे, असा त्या खुणेचा ठरलेला अर्थ. आणि बहिरगडाचे किल्लेदार हैबतराव हे खडकदुर्गाचे हवालदार रायाजी काठे यांचे सख्खे मेहुणे.

लोकांनी हात जोडले. रायाजींनी मात्र खाली खानाच्या छावणीकडे पाहिले. इतक्या महिन्यांत त्या धुराच्या दिशेने एक तोफ वळली नव्हती, एक स्वार दौडला नव्हता. शत्रूला जिचे भय नाही, ती खूण कोणाची?

उत्तर त्याच सकाळी चालत आले. पांढरे निशाण घेऊन हैबतराव दरवाजाखाली उभे राहिले. खांद्यावर खानाने दिलेला नवा शेला होता.

"दाजी, हत्यार ठेवा. बहिरगड मी केव्हाच खाली करून दिला."

"मग धूर कशाला घालत राहिलात?"

"खानसाहेबांची आज्ञा." हैबतरावांची नजर खाली गेली. "अंगात बळ होते तेव्हा तुम्ही वेढा फोडून निघाला असता. कुमकेची वाट पाहणारा जागचा हलत नाही."

"तुमच्या बहिणीचे दूध आटले, राव. तुमचा भाचा गेला. ती रोज त्या धुराला हात जोडत होती."

"मला ठाऊक नव्हते."

"आता झाले. उतरा."

खरे सांगावे तर शिबंदी खचणार. न सांगावे तर हैबतरावांची लबाडी आपणच पुढे चालवणार. रायाजींनी सर्वांना सदरेवर बोलावले आणि एक शब्दही मऊ न करता सारे सांगितले.

मग महारांचा म्हातारा नाईक रामनाक खाकरला.

"म्हंजी सरकार, इतके दिस आपल्या पाठीशी कुनीच न्हवतं?"

"कोणीच नव्हते."

"तरी गड पडला न्हाई?"

"नाही."

"मग आज नवं काय झालं? रोज उत्तरंला बघून मान दुखायची, तेवढी वाचली."

कोणीतरी हसले. मग उपाशी माणसांची ती सारी सदर हसली, आणि जो तो आपापल्या चौकीवर गेला.

कुमक आलीच नाही. ज्या ओढ्यात जनावरे धुतली त्याचेच पाणी पिणाऱ्या छावणीत पटकी शिरली, आणि खान वेढा उठवून गेला. गडाने तो देवीचा कौल मानला. रायाजींनी वाद घातला नाही. हैबतरावांना जहागीर मिळाली, आणि तह झाल्यावरही ती त्यांच्याकडेच राहिली.

त्या वर्षी भाऊबीजेला त्यांचा मेणा खडकदुर्गाच्या दरवाजापाशी आला. दरवाजा उघडला नाही. आत, सदरेवर, त्यांच्या बहिणीने, गोदूबाईंनी, पाट मांडला होता आणि त्यावर रामनाकाला बसवून त्या ओवाळत होत्या. गडावर कुजबुज झाली. रायाजींनी ती ऐकली नाही.