वेग शून्य

हर्सूल तलावात माझा भाऊ मुनीब पोहायला उतरला, तो वर आलाच नाही. पाणबुड्यांनी तळ चाळला. सापडली ती फक्त काठावरची चप्पल. अम्मी जनाज्याची नमाज होऊ देईना. "पहले मय्यत दिखाओ," एवढंच म्हणायची, आणि दुपारी त्याच्या वाट्याचा भात झाकून ठेवायची. मला ते झाकण बघवत नव्हतं.

मी विद्यापीठात संगणकावर पदार्थाची प्रतिकृती करते. संगणक कितीही मोठा घ्या, निसर्ग एका हद्दीपुढं हिशेब देत नाही. कणाची जागा पक्की केली की वेग निसटतो. वेग पक्का केला की जागा. पण ही अणूंची गोष्ट, माणसाच्या देहाला ती लागत नाही, हे मी वर्गात घसा फोडून सांगते. म्हणून बिनधास्त तलावाची प्रतिकृती केली. वारा, गाळ, उतार, सगळं भरलं आणि मुनीबला त्यात सोडलं.

जागा सापडली. बांधाजवळ, गाळात. आणि वेगाचा आकडा एकदम भडकला.

"अगं, गाळातला माणूस पळतोय व्हय?" माझा सहकारी ऋतुराज हसला, मग त्याची त्यालाच लाज वाटली. "चूक असंल कुठंतरी."

सगळं तपासलं. चूक नव्हती. पाणबुडे पुन्हा तिथं उतरले. मुनीब नव्हता. गाळ तेवढा ताजा उकरलेला होता.

नवी जागा काढली. पुन्हा तेच. मला रडूच फुटलं. किती फिरशील रे बाबा, थांब की आता! आमच्या कामात एखादा आकडा ऐकेना की तो हातानंच बांधून टाकायची वाईट खोड असते. मी वेग शून्यावर बांधला.

"अरफा, नको," ऋतुराज म्हणाला. "मग जागा..."

पडद्यावरचा मुनीबचा ठिपका विरला. तलावभर पसरला. मग तलावाबाहेर.

तलावाबाहेरचं आम्ही काहीच भरलं नव्हतं.

मी तशीच घरी पळाले. भर दुपार. अंगण कोरडं, दारात कुणी नाही. जिवात जीव आला.

अम्मी स्वयंपाकघरात भात वाढत होती. घरात जितक्या खोल्या, तितकी ताटं.

"मुनीब कू बोल ना, बैठ जा," मान वर न करता ती म्हणाली. "हर कमरे में खडा है. हिलताच नै."