मालकांना पाठ एकच

तिखटनं नवी शिवलेली गादी गोदामातल्या ढिगावर धप्पकन टाकली, आणि ढीगच ओरडला, "अहो, माणूस आहे खाली!"

तिखट म्हणजे गादी कारखान्याच्या शिलाईतली सगळ्यात फटकळ पोरगी. खालून निघाला तो नवा सेल्समन... केस विस्कटलेले, टाय कानामागे.

"झोपा काढायचा पगार मिळतो वाटतं?"

"माल तपासत होतो! झकास आहे हो. तुमच्या घरी हीच असेल ना?"

"हिची किंमत म्हणजे माझा दोन महिन्यांचा पगार! आम्ही आपले चटईवर..."

त्याचं हसू मावळलं. पण पठ्ठ्या दुसऱ्या दिवसापासून शिलाईत घुटमळायला लागला. कधी टाचणी मागायला, कधी वेळ विचारायला. शेजारच्या मशीनवर तिखटची सख्खी आत्या. ती खाकरायची, "जावईबापू, घड्याळ तर तुमच्याच मनगटावर आहे की!" तिखटचे कान लाल... मशीन उगाचच सुसाट!

आणि एके सकाळी तो तोंड पाडून आला. "खप वाढत नाही. आजच्या बैठकीत माझी उचलबांगडी... दुसऱ्या गावी."

तिनं मशीन थांबवलं. मग रागच आला. "अहो, घेणार कोण? नफा वाढला तो सगळा मालकांच्या खिशात, आमचे पगार तिथेच. ते काय दहा गाद्यांवर लोळणार आहेत?"

त्यानं चुटकी वाजवली. "हेच... हेच बोलतो!"

बैठकीला अख्खा कारखाना. सेल्समन उभा राहिला. "आपली गादी कुणाकुणाच्या घरी आहे? हात वर!"

एकच हात वर. मालकांचा.

आत्या फिस्सकन हसली आणि हॉलमध्ये हशा फुटलाच.

"मालक, कमाई दसपट झाली तरी पाठ एकच! सगळीकडे पगार असेच राहिले तर गाद्या गोदामातच झोपणार. सुरुवात आपण करू. पगार वाढवून बघा. खप नाही वाढला तर मी आपणहून जातो."

मालकांनी डोकं खाजवलं. "बरं... शिलाईपासून. सहा महिने. तोवर तू इथून हलायचं नाहीस!"

जिन्यात त्यानं तिला धावत गाठलं. "सहा महिने मिळाले!"

"आणि पुढे?"

"पुढचं... तुम्ही सांगा."

वर कठड्याला अख्खी शिलाई लोंबकळत होती, कान टवकारून. असू दे! तिनं सरळ त्याचा हात धरला. "खप वाढो नाहीतर बुडो... तू जाशील तिथं मी येणार. कळलं?"

"क... कळलं," म्हणत तो पायरीवर मटकन बसला, आणि वरून आत्यानं दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली म्हणता!