साठ रतलांचे लाल नळकांडे

"परवा हेच नळकांडं दोघांनी वाशाला बांधून नेलं, तेव्हा दोघंही घामाघूम झाले होते!" विमला धक्क्यावर थबकली. "आणि आज बाबलीमामा एकटाच खांद्यावर टाकून शीळ घालत येतोय!"

"ताकद वाढली असेल," तिचा मित्र लवू म्हणाला.

"दोन दिवसांत? खातो काय तो, घोडे?"

लवूचा धाकटा भाऊ महादू खो खो हसला. विमलाला मात्र हसू आले नाही. नळकांडे वेंगुर्ल्याच्या लाँचीचे होते. यंत्रघरात आग लागली की बाहेरची मूठ ओढायची. झडप उघडते, आत दाबून भरलेला वायू सुसाट सुटतो आणि आगीचा श्वास कोंडतो. हे तिला लाँचीचे प्रमुख भिकाजी तांडेलांनीच मोठ्या अभिमानाने समजावले होते. आणि त्याच यंत्रघरावरच्या फळ्यांवर, तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन, तिची आई बसली होती. लाँच अर्ध्या तासात सुटणार होती.

"मामा, खांदो भारी आसा तुझो!" विमला मोठ्याने म्हणाली. "पण त्या खोबऱ्याच्या काट्याक अडकवूक तुका जमाचा नाय!"

"माका? माका जमाचा नाय?" बाबलीने मिशीवरून हात फिरवला. "बघ तर!"

नळकांडे व्यापाऱ्याच्या काट्याला लोंबले. महादूने भराभर वजने चढवली. साठ रतलांवर दांडी स्थिरावली. लवूने नळकांड्याच्या मानेवर कोरलेली इंग्रजी अक्षरे वाचली, "रिकामे, साठ रतल. भरलेले..." त्याचा आवाज चिरकला. "पंचाण्णव!"

सगळे बाबलीकडे वळले.

"गॅस खंय गेलो, मामा?" महादूने विचारले.

बाबलीचा मिशीवरचा हात गळून पडला. "सोड्यात," तो पुटपुटला.

"सोड्यात?" विमला ओरडली.

बाजारातला सोड्याचा कारखाना बाबलीचाच! तांडेलांच्या मुलीच्या लग्नाला सोडा हवा होता, सोड्याला हाच वायू लागतो आणि मुंबईचा गॅस वेळेवर पोचला नव्हता. तीनशे पाहुणे लाँचीची अग्निसुरक्षा बाटल्यांतून पिऊन समाधानाने ढेकर देत घरोघर गेले होते!

"अगो चेडवा, आराडतंस कित्या?" तांडेल धावत आले. "आग लागात तेव्हा लागात, लगीन तर दारात उभां होतां!"

विमलाने त्यांच्याकडे पाहिले. इतका मोठा माणूस इतके साधे गणित चुकतो! ती लाँचीकडे धावली.

"आई, उतर! सगळे उतरा! आग विझवायला आत काहीही नाही!"

पाच मिनिटांत चाळीस उतारू धक्क्यावर आले. सावित्रीने, तिच्या आईने, बाळाला घट्ट छातीशी धरले. तिने विमलालाही जवळ ओढले.

गलका ऐकून बंदराचे तपासनीस साहेब आले. त्यांनी काटा पाहिला, अक्षरे पाहिली आणि घसा साफ केला.

"शाबास, मुलांनो! भरलेलं नळकांडं आल्याशिवाय लाँच हलणार नाही. देशाला अशाच दक्ष नागरिकांची गरज आहे!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तांडेलांनीही वाजवल्या. त्यांच्या खिशातून लाँचीचा दाखला डोकावत होता. विमलाने तो हळूच ओढला आणि वाचला. तारीख आजची होती.

"साहेब," ती अतिशय अदबीने म्हणाली, "'अग्निशामक तपासले, सज्ज आहे.' खाली तुमची सकाळची सही. तेव्हा हे नळकांडं बाबलीमामाच्या कारखान्यात होतं. मग तुम्ही काय तपासलंत?"

टाळ्या थांबल्या. साहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला, आणि चाळीस उतारू उत्तराची वाट पाहत उभे राहिले.