पंजाबरावच्या तुरीतला रोही

मानीबाईनं दोन्ही बंदुका खाटेवर मांडून पुसायले घेतल्या, तवाच साऱ्या तांड्याले समजलं का पंजाबरावच्या तुरीत घुसणाऱ्या रोह्याचे, त्या नीलगाईच्या नराचे, दिवस भरले. मुकुटबनच्या इकडं परवान्याची बंदूक चालवणारी बाई एकच. नवरा देवसिंग गेला अन् परवाना तिच्या नावावर आला. नेम तर आधीपासून तिचाच सरस, हे देवसिंग स्वतः चहाच्या टपरीवर सांगे. बायकोपुढं दुसरं काही सांगायची त्याची टापही नव्हती म्हणा.

पहिले बंदुका तीन होत्या. कायदा बदलला, एक जमा करा म्हणाले. तिनं मधली दिली, तीनशे पंधरा बोरची. काहून दिली, असं पोरानं विचारलं तवा तिनं त्याले बसवून समजावलं. जवळच्याले बारा बोर लागते, तिचे छर्रे चाळीस पावलांपुढं नुसते जनावराले जखमी करून सोडतात. लांबच्याले मोठी रायफल लागते, तिची गोळी शेताच्या त्या टोकापर्यंत सरळ जाते. अन् मधलं अंतर?

"ते मी चालून मिटवतो," मानीबाई म्हणाली.

पोरगा फुलचंद यवतमाळात नोकरीले. त्याचं म्हणणं, माय सत्तरीले आली, आता बंदुका ठाण्यात देऊन टाक. पंजाबरावही पारावर हसत हसत बोलून गेला का मावशीले आता रोही अन् म्हैस एकच दिसत असंल. मानीबाईनं तिथंच सगळ्यांसमोर सांगितलं: आज एक गोळी जरी वाया गेली, तर उद्या दोन्ही बंदुका ती आपल्या हातानं ठाण्यात नेऊन देणार.

रोही मारायचा वनखात्याचा कागद होताच. दुपार कलल्यावर ती अन् पंजाबराव तुरीतल्या मचाणावर चढले. तूर शेंगांवर आलेली, ऊन पिवळं पडलेलं. शेताच्या शेवटी बांधाचा धुरा, धुऱ्यावर पळस, मधात विहीर. पंजाबराव बंदुका सांभाळत बसला होता. तोंडात सुपारी अन् बडबड चालूच. मानीबाईनं त्याले दोनदा चूप केलं.

रोही पळसाखाली आला. इतक्या लांबून बोटाच्या नखाएवढा दिसत होता. मोठीसाठी तिनं हात पुढं केला, पण नेम धरेपर्यंत तो चालू लागला, इकडंच. येऊ दे, ती म्हणाली. जवळ आला का बारा बोरचं काम.

तो विहिरीपाशी आला. नखाएवढाच.

मानीबाईनं डोळे पुसले. विहिरीच्या काठावरची बादली तिले साफ दिसत होती. रोही बादलीजवळून गेला तो तिच्या कडीएवढा होता. तूर मात्र दोन्ही बाजूंनी वाकत होती, मोठं जनावर जाते तशी.

पंजाबरावनं तोंडातली सुपारी थुंकली.

"मावशी, हा मोठा काहून होऊन नाई राह्यला?"

"पिल्लू असंल."

"पिल्लाएवढा तरी हाय का?"

रोही मचाणाच्या शिडीपाशी येऊन उभा राहिला. अगदी खाली. अंगाचा वास नाही, श्वासाचा आवाज नाही. लांबच्या जनावराचा येत नाही, तसा. त्यानं मान वर केली अन् पुढचा एक पाय उचलला.

पंजाबरावनं बारा बोर पुढं केली. पायाखाली तर हाय, छर्ऱ्यानंच होईन, असं काहीतरी पुटपुटला.

"माहा डोळा आजवर खोटं नाई बोलला," मानीबाई म्हणाली. "लांब दिसते म्हणजे लांब हाय. मोठी दे."

तिनं सावकाश रायफलीचा बोल्ट ओढला. नेम शिडीच्या पायथ्याशी धरला अन् गोळी सोडली.

धूळ उडाली ती धुऱ्यावर, पळसाखाली. गोळी बसल्याचा आवाज तिकडूनच, जरा उशिरानं आला. शिडीपाशी काही नव्हतं.

पंजाबरावनं हात जोडले. मानीबाईची छाती फुगली. सत्तरीत, एका गोळीत, तेही असं जनावर. फुलचंदले आजच फोन लावतो, म्हणाली, अन् रायफल पंजाबरावच्या हाती देऊन शिकार पाहायले एकटीच उतरली.

पळसाखाली गवत दबलेलं होतं. हात लावला तर गरम. रक्त नाही, केस नाही. दबलेली जागा रोह्याएवढी नव्हती, माणूस आडवा झाला तर होईल एवढी होती.

ती मागं फिरली. चालत चालत विहीर आली, मचाण मोठं होत गेलं, शिडी आली. शिडीचा बांबू तिनं हातात धरला. वर पंजाबरावचे पाय लटकत होते, टाचांच्या भेगाही दिसत होत्या.

"पंजाब, खाली ये. तिकडं काही नाई."

पंजाबराव तिच्याकडंच पाहत होता. पण डोळे बारीक करून, लांबचं पाहावं तसा.

"परत आला," तो हळूच म्हणाला. "नखाएवढाच. कोणती देऊ मावशी?"

मानीबाईनं थांब म्हणून हात वर केला.

"मोठी दे."

हे वरून आलं, पंजाबरावच्या शेजारून. आवाज तिचाच होता, अन् त्यात भीतीचं नाव नव्हतं.

मग बोल्ट ओढला गेला, सावकाश. इतक्या सावकाश ओढणारं मुकुटबनच्या इकडं दुसरं कोणी नव्हतं.